बांधातला डबा

गुनवोरकाकूंच्या केसांना रंग लावून झाला होता, वर प्लास्टिकची टोपी चढली होती आणि मायकेन हात धुवायला वळणार, तेवढ्यात तिच्या एप्रनच्या खिशातला फोन टुणटुणला. लिंगहुल्टमधल्या प्रत्येक बाईला तो आवाज ठाऊक आहे. तो वाजला की मायकेनची कात्री हवेतच थांबते आणि गिऱ्हाइकानं आपल्या नशिबाला शरण जायचं असतं.

"नवी?" काकूंनी आरशातूनच विचारलं.

"नवी. नॉराबीच्या रस्त्याला. आत्ताच जाहीर झाली." मायकेनचा एक हात मोटारीची किल्ली शोधत होता. "काकू, रंगाला अजून वेळ आहे. तुम्ही इथं बसून मासिक वाचता की..."

"मासिक गेल्या वेळीच वाचलंय," काकू म्हणाल्या आणि टोपीसकट उठल्या.

हा खेळ तसा साधा. कुणीतरी कुठंतरी डबी दडवायची, जागेचे आकडे फोनवर टाकायचे, बाकीच्यांनी ती हुडकून आतल्या कागदावर आपलं नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. जिओकॅशिंग म्हणतात. पण नव्या डबीतला कागद कोरा असतो, आणि त्यावर पहिलं नाव आपलं पडावं म्हणून आमच्याकडची चांगली शहाणीसुरती माणसं भरल्या ताटावरून उठतात. बक्षीस काही नाही. पहिला तो पहिला, बस.

आणि वसंतापासून पहिला येत होता फोल्के. फोल्के धुराडी साफ करतो. दिवसभर शिडी लावलेली गाडी घेऊन तो गावोगाव हिंडत असतो, त्यामुळे डबी जाहीर झाली की हा तिथून हाकेच्या अंतरावर कुठल्यातरी छपरावर बसलेला असायचाच. वर प्रत्येक नोंदीखाली लिहायचा, "मायकेनबाईंना काळजीपूर्वक गाडी चालवायची विनंती, आता घाई नाही." ते वाचून मायकेनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आज मात्र शनिवार होता, धुराड्यांना सुटी होती आणि फोल्के घरी लोळत असण्याची दाट शक्यता होती. मायकेननं दुकानावर "येतेच" अशी पाटी अडकवली आणि गाडी अशी काढली की काकूंनी दोन्ही हातांनी टोपी धरली.

नॉराबीचा रस्ता जंगलातून जातो आणि मग एकदम मोकळा होतो. डावीकडे कुरणं, आणि कुरणांच्या कडेनं छातीएवढे दगडी बांध. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी शेतातला एकेक दगड वेचून रचलेले. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. 

"कुणी नाही," ती म्हणाली. "काकू, कुणी नाही."

दडवणाऱ्यानं खूण एवढीच दिली होती की लाल फळांपाशी बघा. बांधाला टेकून एक रोवनचं झाड उभं होतं, तांबड्या घोसांनी वाकलेलं. झाडांखाली फोनवरचा बाण कधी धड दाखवत नाही. तो आताही इकडे वळत होता, तिकडे वळत होता. पण मायकेनला बाणाची गरज नव्हती. इतकी वर्षं डब्या शोधून तिचे डोळे असे तयार झाले होते, की जे जसं असायला हवं तसं नसेल ते तिला आधी दिसायचं. बांधातल्या सगळ्या दगडांवर शेवाळ चढलं होतं, आणि एका सपाट दगडाच्या कडेचं शेवाळ घासून गेलेलं होतं. हा दगड कुणीतरी कालपरवा हलवला होता.

खेळाचा पहिला धडा असा आहे, की दगडी बांधाचा दगड हलवायचा नाही. बांध कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि एक दगड निघाला की दहा निसटतात. दर वसंतात नवख्यांना कॉफी पाजून हा धडा शिकवते कोण, तर मायकेन. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढं कोरा कागद होता आणि कानात फोल्केच्या गाडीचा आवाज होता, जो प्रत्यक्षात कुठंच नव्हता. तिनं दगड सरकवला.

आत कॉफीचा जुना पत्र्याचा डबा होता, झाकणाला पोचा पडलेला. तिनं झाकण उघडलं आणि तिच्या तोंडून चक्क किंकाळी बाहेर पडली. काकू धावत आल्या. डब्यात मेणकापडात गुंडाळलेलं मासे धरायचं एक पितळी आमिष होतं, जेवणाचा चमचा ठोकून, घासून, त्याला गळ लावून कुणीतरी हातानं केलेलं. कागद मात्र नव्हता.

"विसरला असणार. नवीन माणूस दिसतो," मायकेन म्हणाली. तिनं पुराव्याला डब्याचा फोटो काढला. कागद नसेल तर तेवढं चालतं.

डब्यात काही वस्तू असेल तर ती घेता येते, फक्त तिच्याच तोलामोलाचं काहीतरी तिथं ठेवावं लागतं. मायकेनच्या खिशात बदल्यासाठी म्हणून एक पिवळं रबरी बदक होतं, काळा चष्मा घातलेलं. हातानं घडवलेल्या पितळेच्या बदल्यात रबरी बदक, हा कुठला तोलामोल, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण आनंदाच्या भरात माणूस स्वतःला भरपूर सूट देतो. बदक डब्यात गेलं, आमिष काकूंच्या हातात आलं, दगड जागेवर बसला आणि मायकेननं रस्त्यावर उभं राहूनच फोनमध्ये नोंद केली. पहिली. तिनं ते दोनदा वाचलं.

परतीच्या वाटेवर हमरस्त्याच्या विसाव्यापाशी एक जुनी डबी आहे, बाकाखाली. काकूंना आता खेळाची चटक लागली होती आणि आमिषाचा गळही बोटाला टोचला होता. त्यांनी हट्टानं तिथं थांबायला लावलं, आमिष त्या डबीत टाकलं आणि एक छोटा आरसा घेतला. त्या आरशात त्यांनी टोपी जरा उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "मायकेन, आता मात्र दुकानात चल."

केस धुतले तेव्हा ते अक्रोडी व्हायचे ते वांग्याच्या रंगाचे झाले होते. काकूंनी आरशासमोर डोकं दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं आणि त्या म्हणाल्या की नवऱ्याला निदान लक्षात तरी येईल. मायकेन ड्रायर हातात घेऊन स्वतःशीच गुणगुणत होती. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

नोंद फोल्केची होती. "पहिला. कागद कोरा करकरीत. डबी म्हणजे एक नळी, जुनिपरच्या झुडपात लटकलेली, रोवनपासून थोडी पुढं, रस्त्याच्याच बाजूला. बांधाला बोटही लावायची गरज नाही. मायकेनबाई कुठली डबी शोधून आल्या ते देव जाणे, या डबीत त्यांचं नाव नाही."

मायकेननं ड्रायर बंद केला. आधी तिला राग आला, मग लाज वाटली, आणि मग तिसरीच गोष्ट ध्यानात आली, तिच्यापुढं राग आणि लाज दोन्ही किरकोळ होती.

"काकू," ती म्हणाली, "मग मी उघडला तो डबा कुणाचा?"

काकूंचे केस अर्धे ओले होते. त्यांनी डोक्याला टॉवेल बांधला आणि दोघी पुन्हा निघाल्या.

बांधापाशी पोचल्या तेव्हा सपाट दगड खाली गवतात पडला होता आणि पलीकडं एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. त्याच्या तळहातावर ते बदक होतं, काळ्या चष्म्यातून त्याच्याकडं बघत. काकूंनी मायकेनचा कोपर दाबला. "आल्बिन. वरच्या वाडीचा. खालच्या वाडीवर त्याचा भाऊ सिक्स्टेन. वीस-बावीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत," त्या पुटपुटल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की मायकेननं त्यांना गाडीतच बसायला सांगितलं. काकू कुरकुरल्या, पण बसल्या.

मायकेन बांधाजवळ गेली. काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरली.

"आल्बिनकाका, ते बदक माझं आहे."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. कुणाला इतकं हायसं वाटलेलं मायकेननं कधी बघितलं नव्हतं.

"तुझं?" तो म्हणाला. "सिक्स्टेनचं नाही?"

"नाही. आम्ही एक खेळ खेळतो. मला वाटलं, हीच ती डबी. मी दगड हलवला, डबा उघडला. तसं करायचं नसतं. चूक झाली माझी."

"मी तास झाला इथं उभा आहे," आल्बिन म्हणाला. "डबा रिकामा असता तर समजलो असतो. आमिष तसंच असतं तरी समजलो असतो. पण बदक. म्हटलं, एवढा राग अजून शिल्लक आहे त्याच्या पोटात?"

मग त्यानं सांगितलं, बांधाकडं बघत, तुटक तुटक. लहानपणी दोघांपैकी ज्याला मासे धरायला जावंसं वाटे तो बापानं केलेलं ते आमिष या डब्यात ठेवायचा. दुसऱ्यानं ते काढून घेतलं की होकार. मग दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं होडीपाशी, बोलायचं काम नाही. बाप वारल्यावर सिक्स्टेननं न विचारता होडीला इंजिन बसवलं. बापानं जन्मभर वल्ही मारली होती. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि डबा रिकामा राहिला, तो आजतागायत. काल संध्याकाळी आल्बिननं आमिष पुन्हा ठेवलं होतं. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मायकेननं विचारलं नाही.

"सिक्स्टेन शनिवारी दिवस कलताना कुत्र्याला घेऊन इथून जातो," तो म्हणाला. "बघेल की नाही, देव जाणे. पण बघितलंच, तर तिथं ते असायला हवं. मला दुसऱ्यांदा जमायचं नाही." त्यानं बदक तिच्या हातावर ठेवलं. "आमिष आणलंयस ना?"

तिनं सूर्याकडं पाहिलं. तो जंगलाच्या वर अजून दोन हात होता.

"दिवस कलायच्या आत आणते," ती म्हणाली आणि पळत सुटली.

विसाव्यापाशी तिनं गाडी नीट थांबण्याआधीच दार उघडलं. बाकाखालची डबी काढली. आत दोन खोडरबर, एक गोटी, एक परदेशी नाणं, चष्मा पुसायचं एक कापड. आमिष नव्हतं. तिनं फोन उघडला, त्या डबीवरची ताजी नोंद वाचली आणि कपाळावर हात मारला.

"काय झालं?" गाडीतून काकू.

"फोल्के. दुसरं कोण असणार? 'सुरेख पितळी आमिष घेतलं, चष्म्याचं कापड ठेवलं. आता सुटी. येद्द्याचं मत विचारतो.'"

काकूंचा चेहरा पडला. येद्दा म्हणजे आमच्या सरोवरांतला दादा मासा. सुसरीसारखा जबडा आणि त्यात वस्तऱ्यासारखे दात. साधी दोरी तो सुतासारखी कातरतो, आणि मग आमिष घेऊन तळाशी जातो ते कायमचं.

फोल्के फोन उचलेना. मासे धरताना तो फोन बंद ठेवतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो कुठं बसतो तेही ठाऊक आहे, कारण त्यानं स्वतःच गेल्या उन्हाळ्यात तिथं डबी दडवली होती. मायकेननं स्वार्ता सरोवराचा रस्ता धरला. वळणावर काकूंच्या डोक्यावरचा टॉवेल सुटला, पण त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यांना आता खरंच भीती वाटत होती, आणि गाडीच्या वेगाची नव्हे. आमिष त्यांनीच तर टाकलं होतं त्या डबीत.

धक्क्यावर फोल्केची पेटी, थर्मास आणि मासा उचलायची जाळी पडली होती. तो स्वतः होडीत होता, किनाऱ्यापासून थोडा आत, बोरूच्या बेटापाशी. मायकेनला पाहून त्यानं टोपी काढून वाकून नमस्कार केला.

"या, या. अभिनंदन करायला एवढ्या लांब आलात?"

"फोल्के, दोरी गुंडाळ. ते आमिष काढ."

"का? तेही आधी तुम्हालाच सापडलं होतं का?"

"फोल्के, हात जोडते, आत्ता..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत गळाची काठी वाकली. नुसती वाकली नाही, तिचं टोक पाण्याला टेकलं. बोरूमागं पाणी उसळलं आणि एक हिरवीकाळी पाठ वर येऊन गेली, माणसाच्या मांडीएवढी जाड. त्याच्या जन्मातला सगळ्यात मोठा येद्दा त्या चमच्याला लागला होता.

"तार लावलीयस ना पुढं?" मायकेन ओरडली. दात लागू नयेत म्हणून आमिषाच्या पुढं लोखंडी तार लावतात.

"नाही. त्या जुन्या कडीत अडकेना." फोल्केनं काठी छातीशी धरली. "साधीच दोरी आहे."

"सैल सोड. सोड, सोड त्याला. ओढू नकोस."

"मला शिकवू नका, मी..." आणि येद्द्यानं होडी अर्धवट फिरवली.

पुढचा सगळा वेळ धक्क्यावर काकू देवाचा धावा करत होत्या आणि मधूनमधून फोल्केला सूचना देत होत्या, ज्या देवाला केलेल्या धाव्यापेक्षा मोठ्या आवाजात होत्या. मासा खोल पाण्याकडं धावायचा, फोल्के दोरी द्यायचा. मासा थकायचा, फोल्के हळूच वीत-वीत दोरी आत घ्यायचा. दोनदा ती दोरी इतकी ताणली की सूं असा आवाज आला. मायकेनला तेवढाच आवाज ऐकू येत होता. त्या दोरीच्या टोकाला मासा नव्हता, दोन म्हाताऱ्यांचा एकमेव शब्द होता, आणि तो तिनं एका रबरी बदकाला विकला होता.

येद्दा होडीच्या बाजूला आला. फोल्केनं सवयीनं मागं हात नेला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. जाळी धक्क्यावर राहिली होती.

मायकेननं जाळी उचलली आणि पाण्यात उतरली. ऑक्टोबरचं पाणी आमच्याकडं कसं असतं ते सांगायला नको. कमरेपर्यंत गेल्यावर तिचा श्वास अडकला, छातीपर्यंत गेल्यावर तिला काहीच वाटेनासं झालं. तिनं जाळी खाली धरली, फोल्केनं मासा जाळीवर आणला, येद्द्यानं एकदा जबडा फाकवला आणि तिला चमचा दिसला, अगदी दातांच्या कडेला, आणि दोरी दातावर घासत असलेली. तिनं जाळी वर खेचली. त्याच क्षणी दोरी तुटली.

पण येद्दा जाळीत होता.

दोघांनी तो कसाबसा काठावर आणला. फोल्केनं चिमट्यानं आमिष सोडवलं आणि मायकेनच्या हातात दिलं. तेवढ्या सवडीत येद्द्यानं शेपटीचा एक फटका मारला, जाळीतून घरंगळला आणि उथळ पाण्यातून निघून गेला. फोल्के गुडघ्यांवर बसून त्या पाण्याकडं बघत राहिला.

"वजन नाही, फोटो नाही," तो शेवटी म्हणाला. "कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवीन," मायकेन दात वाजवत म्हणाली. "शपथेवर सांगेन."

"तुमची शपथ. तुमचीच नोंद आज खोटी निघालीय." पण त्याच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. त्यानं आपला कोट काढून तिच्या अंगावर टाकला आणि विचारलं, "हे कुणाचं आहे?"

मायकेननं मान हलवली. "सांगता येत नाही. मी नको तिथं हात घातला होता. दिवस मावळायच्या आत परत ठेवायचं आहे."

फोल्केनं तिच्याकडं पाहिलं. हा खेळ खेळणारा माणूस मुळात भोचक असतो; कुंपणाच्या खांबाचं टोपणसुद्धा तो फिरवून बघितल्याशिवाय पुढं जात नाही. पण खेळाला मर्यादाही आहे, आणि ती फोल्के पाळत आला होता.

"खासगी?"

"खासगी."

"मग चला," तो म्हणाला. "तुमची गाडी मी चालवतो. तुमच्या हातात स्टिअरिंग ठरायचं नाही."

काकूंनी मागच्या सीटवर तोंड उघडलं तेव्हा मायकेननं एवढंच म्हटलं, की काकू, त्या रंगाबद्दल मी गावात कुणाला काही सांगणार नाही, तुम्हीही आजच्या दिवसाबद्दल सांगायचं नाही. काकूंनी तोंड मिटलं.

बांधापाशी ऊन तिरपं झालं होतं, पण होतं. आल्बिन निघून गेला होता. ठरलं ते असं, की फोल्के रस्त्यावर टायर बघत उभा राहील आणि कुणी आलं तर शीळ घालील. कुणाच्या नजरेत न येता वस्तू जागेवर ठेवणं, यात दोघांचाही हात धरणारा कुणी नाही. मायकेन वाकली. डबा काढला, आमिष मेणकापडात गुंडाळलं, आत ठेवलं, झाकण लावलं, डबा सरकवला. दगड उचलून बसवला. शीळ वाजली तेव्हा तिचे दोन्ही हात अजून दगडावर होते.

शीळ उशिरा वाजली होती. सिक्स्टेन रस्त्यानं आलाच नव्हता, कुरणातून आला होता. तो तिच्यासमोर, बांधापलीकडं उभा होता, आणि एक करड्या रंगाचा कुत्रा तिच्या हातांकडं बघून शेपटी हलवत होता.

"मशरूम शोधत होते," मायकेन म्हणाली. ती नखशिखांत भिजली होती आणि अंगावर धुराड्याचा वास येणारा पुरुषी कोट होता.

"बांधात?" सिक्स्टेन म्हणाला.

सिक्स्टेन भावापेक्षा बुटका आणि रुंद, आणि मायकेनच्या लक्षात आलं की त्यानं दाढी केली होती, घाईघाईनं, हनुवटीला एक ओरखडा होता. कुत्र्याला फिरवायला म्हणून अंगात इस्त्रीचा सदरा होता. त्यानं एकदा सपाट दगडाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"सकाळी इथं एक बदक होतं," तो म्हणाला.

मायकेनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सकाळी?"

"मी रोज बघतो. सकाळ-संध्याकाळ. कधीच काही नसतं." तो कुत्र्याच्या कानाशी चाळा करत होता. "आज बदक होतं. आधी काही कळेना. मग म्हटलं, आमिष हरवलं असेल त्याच्याकडून. जे हाताशी आलं ते ठेवलं असेल. घरी गेलो, विचार केला. आता घ्यायला आलो. कुठंय ते?"

मायकेनचा हात खिशात गेला. बदक तिथंच होतं, पाण्यानं निथळत. क्षणभर तिला वाटलं, देऊन टाकावं आणि निघून जावं. पण आज तिनं दोन भावांच्या मधे पुरेशी लुडबुड केली होती, त्यात आणखी एक खोटं तिला ठेवायचं नव्हतं.

"बदक माझं होतं," ती म्हणाली. "चुकून ठेवलं. त्यांनी जे ठेवलं होतं ते मी उचललं होतं. ते आता परत आत आहे."

सिक्स्टेननं दगडाला हात घातला.

सांगते, मायकेनला त्या क्षणी काय वाटलं. डबा उघडला जाताना बघणं, हेच तर तिचं वेड. आणि या डब्यात वीस वर्षांनी काहीतरी सापडणार होतं, तिच्यापासून हातभर अंतरावर. तिनं पाठ फिरवली. रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली, आणि तिकडं फोल्केनं तिला पाठमोरी बघून स्वतःही पाठ फिरवली, आणि गाडीची काच खाली करून मान बाहेर काढलेल्या काकूंना हातानं आत ढकललं. मागून झाकणाचा आवाज आला. मग मेणकापडाचा. कुत्रा एकदा कुंईकुंई करून गप्प झाला.

"पोरी," सिक्स्टेन म्हणाला. "एक करशील?"

"करीन," ती तशीच पाठमोरी म्हणाली.

"मी बदकासाठीही आलो असतो, हे त्याला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

"नाही सांगणार," मायकेन म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलंही नाही.

तो निघून गेल्यावर तिनं मागं वळून पाहिलं. दगड जागेवर होता.

त्या संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात बसून तिनं फोन घेतला. डब्याचा फोटो काढून टाकला. दडवणाऱ्याला लिहिलं की नळी कृपा करून रस्त्याच्या पलीकडं हलवावी, लोक बांधाशी झोंबतील आणि बांध कुणाच्या तरी रोजच्या वापरातला आहे. मग तिनं आपली सकाळची "पहिली" ही नोंद उघडली आणि पुसली. खेळात प्रत्येक शोधाची नोंद ठेवायची असते, आणि मायकेनच्या नोंदी पानभर असत. हवा कशी होती, वाटेत कोण भेटलं, कॉफी कुठं प्यायली. आज तिच्याकडं सांगण्यासारखं जेवढं होतं तेवढं पूर्वी कधीच नव्हतं.

तिनं लिहिलं, "सापडली नाही."